अंगणातली टर्की आणि शिकारीचं लायसन्स : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बोस्टनजवळच्या एका रस्त्यावर गाड्या अडवून आरामात उभ्या असलेल्या रानटी टर्कींचा फोटो छापला होता आणि खाली एकच ओळ टाकली होती, की हा पक्षी अमेरिकेत एकेकाळी संपत आला होता आणि आज त्याची कायदेशीर शिकार होते. त्या एका ओळीवर एवढे मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काही प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या घरासमोर (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स) मार्चपासून टर्कींचा थवा येतोय. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, ते रोज सकाळी उरलेला भात, पोहे वगैरे त्यांना घालतात, त्यांना फार आनंद होतो. पण आता एक मोठा नर आमच्या काळ्या गाडीवर चोची मारतो आणि मुलगी बसस्टॉपवर निघाली की तिच्या मागे लागतो. कुणाला बोलवून पकडून नेता येईल का?

उत्तर : भात आजपासून बंद. सासऱ्यांना वाईट वाटेल, पण सगळ्याचं मूळ तिथेच आहे. टर्कींच्या थव्यात कोण वरचढ, कोण खालचा अशी पक्की उतरंड असते आणि माणसाच्या हातून रोज खायला मिळायला लागलं की ते माणसांनाही त्या उतरंडीत बसवतात, मग मोठी माणसं वरच्या पायरीवर आणि लहान मुलं, म्हातारी माणसं खालच्या पायरीवर. तुमची मुलगी त्याच्या हिशोबात खालची आहे म्हणून तो मागे लागतो. आणि गाडीचं म्हणाल तर मार्च ते मे हा त्यांचा जोडी जमवायचा काळ, काळ्या चकचकीत दारात त्याला दुसरा नर दिसतो आणि तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो. गाडीवर त्या बाजूने जुनी चादर टाका किंवा गॅरेजमधे लावा, दोन-चार दिवसात नाद सोडतो.

पकडून न्यायचं मात्र विसरा. राज्याचं वन्यजीव खातं असे पक्षी उचलून दुसरीकडे सोडत नाही, कारण माणसाळलेली टर्की दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तेच करते. आणि आपण स्वतः पकडणं किंवा सीझन नसताना मारणं हा सरळसरळ गुन्हा आहे. खात्याचाच सल्ला असा आहे की घाबरू नका, उलट त्यालाच घाबरवा. झाडू घेऊन अंगावर जा, बागेतला पाण्याचा पाइप सोडा, ताटली-चमचा वाजवा, कुत्रा असेल तर पट्ट्याला धरून त्याच्या समोर न्या. मुलीला सांगा पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, छत्री उघडून त्याच्याकडे दोन पावलं टाकायची. शेजारीही खायला घालत असतील तर त्यांच्याशी बोला, एकट्याने बंद करून उपयोग नाही. खरंच अंगावर येऊन इजा करायला लागला तर मात्र गावच्या पोलिसांना कळवा.

आता एक गंमत सांगते. तुमच्या राज्यातून ही टर्की १८५१ च्या सुमारास पूर्ण नाहीशी झाली होती, एकही उरली नव्हती. नंतर १९७२-७३ मधे न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी पकडून आणले आणि बर्कशायरच्या डोंगरात सोडले. आज मॅसॅच्युसेट्समधे ३० हजाराच्या वर टर्की आहेत. तुमच्या गाडीला चोची मारणारा हा त्यांच्यातल्याच कुणाचा तरी खापरपणतू असणार.

प्रश्न : माझा मुलगा पिट्सबर्गला असतो. त्याने फोनवर सांगितलं की टर्की संपत आली होती आणि शिकाऱ्यांमुळे वाचली. मला हे पटत नाही. शिकार केल्याने पक्षी कसा वाढेल? (पुणे)

उत्तर : मुलगा अर्धं बरोबर सांगतोय, आणि उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे.

संपवली कुणी तर तीही शिकारीनेच, पण कसल्या शिकारीने ते बघा. एकोणिसाव्या शतकात सीझन नाही, मर्यादा नाही, नर-मादी बघायचं नाही, रात्री झाडावर झोपलेला अख्खा थवा मारायचा आणि गाड्या भरून शहरातल्या बाजारात विकायचा. त्यात जंगलं शेतीसाठी आणि लाकडासाठी साफ झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे १९०४ मधे न्यूयॉर्कमधे चेस्टनटच्या झाडांवर बाहेरून आलेली बुरशी सापडली आणि पुढच्या काही दशकांत पूर्वेकडची चेस्टनटची जंगलंच्या जंगलं वाळून गेली, आणि ती फळं म्हणजे टर्कीचं थंडीतलं मुख्य खाणं. १९२० पर्यंत ज्या ३९ राज्यांत हा पक्षी पूर्वी होता त्यातल्या १८ राज्यांतून तो नाहीसा झाला होता. उरले होते ते दलदलीत, डोंगरदऱ्यांत, जिथे माणूस सहज पोचत नव्हता तिथे.

मग काय बदललं? पहिलं म्हणजे बाजार बंद झाला. १९०० चा लेसी कायदा आला, त्याने बेकायदेशीर मारलेले प्राणी-पक्षी एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन विकायला बंदी घातली. रानटी टर्कीचं मांस आजही विकता येत नाही, मारलेला पक्षी स्वतः खायचा किंवा कुणाला द्यायचा, बस. माझ्या मते टर्की वाचण्यात सगळ्यात मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे, कारण पोटापुरतं मारणाऱ्याला कुठेतरी थांबावं लागतं, विकणाऱ्याला थांबायचं काही कारणच नसतं.

दुसरं म्हणजे पैसा. १९३७ मधे पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवर जो केंद्राचा कर आहे (लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के) तो सरळ राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यायचा, आणि त्यात एक अट अशी चलाख की ज्या राज्याला हा पैसा पाहिजे त्याने शिकारीच्या लायसन्सची फी दुसऱ्या कशावर खर्च करायची नाही, रस्त्यावर नाही, पगारवाढीवर नाही, वन्यजीव खात्यावरच. आपल्याकडे कुठल्या निधीचं काय होतं हे माहीत असलेल्या माणसाला या अटीची किंमत लगेच कळेल.

तिसरं म्हणजे रीत, आणि ती सापडायला बराच वेळ गेला. सुरुवातीला सगळ्या राज्यांनी सोपा मार्ग धरला, फार्मवर अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि जंगलात सोडायची. वर्षानुवर्षं हेच केलं आणि जवळजवळ सगळे पक्षी मेले. कारण काय, तर टर्कीचं पिल्लू कोल्ह्याला कसं ओळखायचं, ससाणा आला की कुठे दडायचं, रात्री कुठल्या झाडावर चढायचं हे आईच्या मागे फिरून शिकतं, आणि फार्मवरच्या पिल्लाला आई नव्हती, त्याला माणूस दिसला की खाणं आलं एवढंच माहीत. मग १९५० च्या दशकात जाळं उडवायची पद्धत आली. जंगलात मोकळ्या जागी मका टाकायचा, कडेला जाळं घडी करून गवताखाली लपवायचं, त्याला छोट्या तोफा जोडायच्या, लांब आडोशाला बसायचं आणि थवा खायला गोळा झाला की एका बटणावर जाळं थव्यावरून उडून पडतं. पकडलेले खरे रानटी पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दुसऱ्या राज्यात न्यायचे. एकदम फरक पडला. ३७ पक्ष्यांचे ३० हजार होतात ते असे.

आणि नशीबही म्हणा. १९३० च्या मंदीत हजारो लोकांनी शेती सोडली, त्या पडीक जमिनींवर पुन्हा जंगल उगवलं, त्यामुळे सोडायला जागा तयार होती. १९७३ मधे टर्की-शिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हा देशात साधारण १३ लाख टर्की होत्या, २००० नंतर हा आकडा ७० लाखांच्या जवळ गेला. शिकाऱ्यांनी पैसा दिला, हात दिला, जाळ्यामागे थंडीत बसले, हे सगळं खरं. पण शिकार केली म्हणून पक्षी वाढला असं नाही, शिकारीला वेसण घातली म्हणून वाढला. मुलाला हे वाचून दाखवा.

प्रश्न : मी सेंट लुईसला राहतो, ऑफिसमधले लोक एप्रिलमधे टर्कीसाठी सुट्टी टाकतात. त्यांच्या बोलण्यात सारखं "दाढीवालाच मारायचा", "दुपारी बंद" असं येतं. हे नियम कुठून आले? मला उगाच धार्मिक व्रतासारखे वाटतात.

उत्तर : व्रत नाही हो, सगळं गणित मादीच्या कॅलेंडरवर बसवलंय. एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो आणि नंतर अंडी, पिल्लं यात त्याचा काडीचा भाग नसतो. म्हणजे वसंतात थोडे नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांवर फार फरक पडत नाही, पण एक मादी गेली की तिच्यासोबत १०-१२ अंडी गेली. म्हणून वसंत ऋतूतला सीझन जवळजवळ सगळीकडे फक्त नरांचा.

आता शिकाऱ्याने लांबून नर ओळखायचा कसा? नराच्या छातीतून घोड्याच्या शेपटीसारखा, राठ केसांसारख्या पिसांचा झुपका लोंबतो, तीच ती दाढी. गंमत म्हणजे काही माद्यांनाही बारीक दाढी असते, म्हणून बऱ्याच राज्यांच्या नियमात "नर" न लिहिता "दाढीवाला पक्षी" लिहिलेलं असतं, कारण ज्याला जंगलात बघून खात्री करता येते असाच नियम पाळला जातो. दाढीवाली मादी मारली तर अशा राज्यात कायदा मोडत नाही, पण चांगला शिकारी तिला सोडून देतो. नर ओळखायच्या बाकीही खुणा आहेत, नराचं डोकं उघडं असतं आणि ते मूड प्रमाणे लाल, पांढरं, निळं होतं, मादीचं डोकं करडं-निळसर आणि त्यावर बारीक पिसं.

दुपारचं म्हणाल तर मादी जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी साधा खळगा करून अंडी घालते आणि २८ दिवस खुडूक बसते. बऱ्याच राज्यांनी वसंतातली शिकार सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारपर्यंतच ठेवली, उदाहरणार्थ न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समधे बाराला बंद. पहाटे नर झाडावरून ओरडत असतो, त्याच्या आवाजावर जाता येतं, म्हणजे माणसं एका जागी बसून बोलावतात. दुपारी नर गप्प होतात, मग कंटाळलेले शिकारी जंगलभर फिरायला लागतात आणि घरट्यावरच्या माद्या उठवतात, आणि मादी एकदा दचकून उठली की कधीकधी परत येतच नाही. सीझन कधी सुरू करायचा तेही यावरूनच, बहुतेक माद्या अंड्यावर बसायला लागल्या की. न्यूयॉर्कमधे म्हणून मे महिना, १ ते ३१, दाढीवाले दोन, आणि दिवसाला एकच.

बाकीचे नियम साधारण असे, की पक्षी मारला की तिथल्या तिथे टॅग लावायचा आणि ठरलेल्या वेळात खात्याला कळवायचं. बऱ्याच राज्यांत रायफल चालत नाही, छऱ्याची शॉटगन किंवा धनुष्यबाण. बॅटरीवर चालणारा आवाज बहुतेक ठिकाणी बंद, मादीचा आवाज काढायचा तर तोंडाने किंवा लाकडी डबी घासून किंवा पाटीवर काडी ओढून. दाणे टाकून बोलावणंही बहुतेक राज्यांत गुन्हा, टेक्सासमधे मात्र तिथल्या रिओ ग्रँड जातीच्या टर्कीला चालतं. प्रत्येक राज्याचं वेगळं, कारण टर्की स्थलांतर करत नाही त्यामुळे ती राज्याच्या ताब्यात, बदकं-हंस मात्र १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यामुळे केंद्राच्या. मॅसॅच्युसेट्समधे तर वसाहतीच्या काळापासून रविवारी शिकारच नाही, आता याला हवं तर व्रत म्हणा.

आणि शिकार करत नसाल, नुसते ट्रेलवर जात असाल तरी एक लक्षात ठेवा. एप्रिल-मे मधे जंगलात लाल, पांढरे किंवा निळे कपडे घालून जाऊ नका, लाल टोपी पण नको, पांढरे मोजे पण नको. झुडपात बसलेल्या, डोळे ताणून बघणाऱ्या माणसाला तो रंग हलताना दिसला की नराचं डोकं वाटतं. भडक नारिंगी जॅकेट घाला, कुत्र्यालाही घाला, आणि झाडीतून टर्कीचा आवाज आला तर हळूच बघायला जाऊ नका, तो आवाज माणूस काढत असू शकतो. तिथूनच मोठ्याने हाक मारा आणि दुसरीकडे वळा.

प्रश्न : मी डॅलसला एच-वन-बी वर आहे. मॅनेजर स्वतःच्या रँचवर टर्कीच्या शिकारीला बोलावतोय, म्हणतो बंदूक माझी वापर. बायको म्हणते व्हिसाची वाट लागेल. कोण बरोबर?

उत्तर : बायको. म्हणजे निदान लायसन्स हातात येईपर्यंत तरी.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला (एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, सगळे आले) बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे, आणि "जवळ बाळगणं" म्हणजे विकत घेणंच नाही, मॅनेजरची बंदूक पाच मिनिटं हातात धरणं सुद्धा त्यात येऊ शकतं. बरेच आपले लोक मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन फोटो टाकतात, त्यांना हे माहीतच नसतं. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागूच नाही.

टेक्सासमधे लायसन्स काढायचं तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, मोठ्या माणसांना ऑनलाइन करता येतो, आणि टर्कीसाठी लायसन्सवर अपलँड गेम बर्डची वेगळी मान्यता घ्यावी लागते. तुम्ही तिथे सलग सहा महिन्यांच्या वर राहत असाल तर रहिवासी दराने मिळतं, ते परराज्यातल्यांपेक्षा बरंच स्वस्त. रँच मॅनेजरची आहे हे तुमचं नशीब, टेक्सासमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे, बाकीचे लोक शिकारीसाठी जमीन भाड्याने घेतात.

तरी माझा सल्ला असा, की जायच्या आधी एका इमिग्रेशन वकिलाला विचारा, कारण हा मामला दंड भरून सुटायचा नाही, केंद्रीय गुन्हा आणि पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं पणाला. किंवा पहिल्या वर्षी बंदूक न घेता नुसते बरोबर जाऊन बसा. पहाटे अंधारात झाडावरून नर ओरडायला लागतो आणि मॅनेजर तोंडाने मादीचा आवाज काढतो आणि लांबून उत्तर येतं, अर्धी मजा तिथेच आहे असं शिकारी स्वतःच सांगतात. धनुष्यबाण हा पण एक मार्ग आहे, तो बंदुकीच्या व्याख्येत येत नाही, पण लायसन्स त्यालाही लागतंच.

प्रश्न : इथे टेनेसीत टर्कीची मर्यादा कमी केली म्हणून शेजारी चिडलाय. पक्षी तर एवढे वाढलेत म्हणता, मग कमी का केली? (नॅशव्हिल)

उत्तर : कारण आता पुन्हा घसरण सुरू आहे, विशेषतः दक्षिणेत आणि मध्यपश्चिमेत. देशभरातला आकडा ७० लाखांवरून ६० लाखांच्या आसपास आलाय असा अंदाज आहे. टेनेसीने २०२३ पासून सीझन दोन आठवडे उशिरा सुरू केला आणि तीन पक्ष्यांची मर्यादा दोनवर आणली. अलाबामाने २०२२ मधे पाचवरून चार केली आणि पहिले दहा दिवस नकली टर्की ठेवून फसवायला बंदी घातली. ओक्लाहोमाने त्याच वर्षी अख्ख्या वसंतात एकच नर अशी मर्यादा घातली, आणि कॅन्ससने २०२३ पासून शरद ऋतूतली शिकार थांबवलीच.

कारण एक नाही. खाती दरवर्षी उन्हाळ्यात एका मादीमागे किती पिल्लं दिसतात ते मोजतात आणि तो आकडा बऱ्याच राज्यांत खाली चाललाय. पिल्लं पहिले दोन आठवडे उडू शकत नाहीत, त्या काळात थंड पाऊस आला की गारठून जातात. मादी जिथे घरटं करते ती झुडपं-गवताची किनार कमी होत चाललीय, एकतर स्वच्छ कापलेलं शेत नाहीतर सावलीने खालचं सगळं गवत मारणारं दाट जंगल. फरला भाव होता तेव्हा लोक रॅकून, स्कंक, ऑपॉसम पकडायचे, १९८० च्या दशकाच्या शेवटी फरचा बाजार पडला आणि हे सगळे अंडी खाणारे वाढले. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की सीझन फार लवकर उघडतो, त्यामुळे थव्यातला दादा नर माद्यांशी जोडी व्हायच्या आतच मारला जातो आणि सगळं वेळापत्रक विस्कटतं. टेनेसीचे दोन आठवडे त्यासाठीच. शेजाऱ्याचा राग मी समजू शकते, पण खात्याने पक्षी कमी झाल्यावर नाही तर कमी होताना हात आखडला, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

प्रश्न : मी सोलापूरचा, लहानपणी नान्नजला माळढोक पाहिलेत. अमेरिकेत शिकार चालू ठेवून टर्की वाढली आणि आपल्याकडे शिकार बंद करून माळढोक गेला. मग आपणही लायसन्स सुरू केलं तर काय बिघडलं?

उत्तर : तुमचा राग खरा आहे पण औषध चुकीचं मागताय.

टर्की वर्षाला १०-१२ अंडी घालते, माळढोक एक. त्या एकावरून शिकारीचा हिशोब मांडायचा कसा? ज्या पक्ष्याची सगळ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास संख्या उरलीय त्यातला एक नर सुद्धा जास्तीचा नसतो. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर आलेली सरसकट बंदी ही गरजेचीच होती, नाहीतर तितर, ससे, रानकोंबडे यांचं काय झालं असतं ते गावाकडे रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्यांना बघून कळतंच, आणि हो, तितर मारणं हा आजही गुन्हाच आहे, जत्रेला पाहुणे आले म्हणून सूट नाही.

माळढोक बंदुकीने कमी आणि माळ गेल्याने जास्त गेला. नान्नजचं अभयारण्य १९७९ मधे झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरलं, त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं, लोकांना घर बांधायची चोरी झाली आणि पक्ष्याबद्दल राग बसला, आणि शेवटी ते कापून साधारण बाराशे चौरस किलोमीटर केलं. तोवर माळावर ऊस, द्राक्षं, विहिरी आल्या होत्या. राजस्थानात उरलेत त्यांना विजेच्या तारा मारतात, कारण एवढ्या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळता येत नाही.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर बंदूक नको, त्यांचा पैशाचा नियम घ्या. लायसन्सचा पैसा खात्यातच राहील ही १९३७ ची अट. आपल्याकडे अभयारण्याची प्रवेश फी, सफारीचा पैसा, कंपन्यांनी भरलेली नुकसानभरपाई, हे सगळं त्याच माळावर, माळ मोकळा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी मिळालं असतं तर चित्र वेगळं असतं, असं मला वाटतं. दुसरं घ्यायचं ते फार्मच्या पिल्लांचं. राजस्थानात माळढोकाची पिल्लं माणसांच्या देखरेखीत वाढवायचं काम चालू आहे, चांगलं काम आहे, पण ती पुढे माळावर सोडताना टर्कीच्या वेळी काय झालं ते डोळ्यासमोर ठेवावं लागेल.

प्रश्न : फ्रेमाँटला आमच्या टेकडीवर टर्की फिरतात. शेजारीण म्हणते त्या इथल्या नाहीतच. खरंय का?

उत्तर : खरंय. कॅलिफोर्नियाची स्वतःची एक टर्की होती, ती साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाली, लॉस एंजेलिसच्या डांबराच्या तळ्यात तिची हाडं भरपूर सापडतात. तुमच्या टेकडीवरच्या रिओ ग्रँड जातीच्या, १९५९ पासून राज्याच्या खात्याने टेक्सासहून पक्षी आणून सोडले ते शिकारीसाठीच. तिथे वसंतातला सीझन मार्चच्या शेवटच्या शनिवारी उघडतो, दिवसाला एक, सीझनला तीन, दाढीवालेच. शिशाच्या छऱ्यांना २०१९ पासून पूर्ण बंदी, कारण ते छरे अडकलेलं मांस गिधाडं खातात आणि मरतात, तिथल्या कॉन्डॉर या मोठ्या गिधाडाचे त्यात हाल झाले. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधामुळे आपली गिधाडं गेली ते आठवत असेल तर हा नियम जास्त समजावून सांगायला नको.

प्रश्न : सांगलीजवळ माझी छोटी पोल्ट्री आहे, थोड्या टर्की पण आहेत. वनखात्याची परवानगी लागेल का? आणि अमेरिकेतून रानटी टर्कीची अंडी आणता येतील का, ब्रीड सुधारायला?

उत्तर : तुमच्याकडे आहे ती पाळीव टर्की, कोंबडीसारखीच, वन्यजीव कायद्यात येत नाही. अंडी मात्र आणू नका. अमेरिकेत रानटी टर्कीचं घरटं हलवणंच गुन्हा आहे, आणि भारतात कुठलीही पिल्लं-अंडी आणायची तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं परमिट आणि क्वारंटाइन लागतं, बॅगेतून आणली तर बर्ड फ्लूच्या भीतीने जप्त होऊन नष्ट होतील. आणि ब्रीड सुधारेल कसलं, रानटी नर चपळ, काटक, कमी मांसाचा असतो, उडून झाडावर बसेल आणि तुम्ही खाली शिडी घेऊन उभे. थँक्सगिव्हिंगला अमेरिकेत जी पांढरी जाड्या छातीची टर्की खातात तिला धड उडताही येत नाही, ती फार्मचीच.

प्रश्न : म्हापशाला आमच्याकडे नाताळात टर्की असते. हा पक्षी हिंदुस्थानात पोर्तुगीजांनी आणला का?

उत्तर : गोव्याचा संबंध तर नक्कीच. जहांगीर बादशहाने मुकर्रब खान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, दुर्मिळ वस्तू मिळतील त्या किंमत न बघता आणायला, आणि १६१२ मधे त्याने आणलेल्या पक्ष्यांत टर्कीचा नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलंय, की माजावर आला की डोकं-मान पोवळ्यासारखी लाल होते, मग पांढरी, मग निळसर, सरड्यासारखे रंग बदलतात. म्हणजे ट्रेलवर लाल-पांढरे-निळे कपडे घालू नका असं वर लिहिलंय, ते तीन रंग त्याने चारशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलेत. मन्सूर या चित्रकाराकडून त्याचं चित्रही काढून घेतलं, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे. शिकारीचा एवढा षोकीन बादशहा, पण या पक्ष्यावर त्याने बंदूक न चालवता चित्रकार बसवला.

पुढच्या अंकासाठी अमेरिकेतल्या वाचकांना एक काम. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क आणि अजून बरीच राज्यं उन्हाळ्यात सामान्य लोकांकडून टर्कीची मोजणी करून घेतात, कुठे दिसली, माद्या किती, पिल्लं किती, खात्याच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, लायसन्स-बियसन्स काही लागत नाही. श्रूजबरीच्या सासऱ्यांना भाताऐवजी हे काम द्या. पिल्लं नसलेली मादी दिसली तरी लिहायचं, उलट तीच नोंद जास्त कामाची असते आणि लोक नेमकी तीच टाळतात.